जुनी सायकल घेताना आधी फ्रेम बघा, मग बाकीचं

जुनी सायकल बघायला जाताना खिशात एक चिंधी, मोजपट्टी आणि तीनेक मीटर दोरा असू द्या. जायचं ते दिवसाउजेडी. रात्री दिव्याखाली पुसूनपासून ठेवलेली कुठलीही सायकल नवीच दिसते.

टायर, चेन, ब्रेक, सीट सगळं बदलता येतं. फ्रेम आणि पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुबेळका भाग, वाकलेला असेल तर मात्र बाकीचं कितीही चांगलं असून उपयोग नाही, म्हणून सुरुवात तिथून. हँडलखालच्या उभ्या पाइपला जिथे तिरपा पाइप जोडलेला असतो, तिथला चिखल पुसा आणि जोडाच्या मागे, खालच्या बाजूने बोट फिरवा. सायकल समोरून जोरात धडकलेली असेल तर तिथे फुगवटा किंवा लाट लागते. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट इथे बोटाला कळते. रंगावर आडवी बारीक चीर असेल आणि नुसता रंग तडकलाय की पाइप, हे ठरवता येत नसेल, तर सायकल सोडून द्या. एकाच जोडाभोवती ताजा रंग दिसला तरी तोच संशय घ्यायचा. स्टीलच्या फ्रेमला चांगला कारागीर वेल्डिंग करू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची तडकलेली फ्रेम मात्र नकोच.

आता दोरा. मागचं चाक फ्रेमच्या ज्या दोन खाचांमध्ये बसतं, त्यातल्या एकीला दोरा बांधा, हँडलखालच्या पाइपला पुढून वळसा घाला आणि ताणून दुसऱ्या खाचेला आणा. सीटखालच्या उभ्या पाइपपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. चार-पाच निघाला तर फ्रेम मागून एका बाजूला गेलीये.

चिमटा बाजूने बघा. त्याचा वरचा सरळ भाग हँडलखालच्या पाइपच्या रेषेतच असायला हवा. तो मागे मोडल्यासारखा दिसला, तर धडक बसलेली आहे.

मग छर्ऱ्यांच्या जागा तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलपाशी टकटक झाली तर खेळ आहे, तो बहुतेकदा आवळून जातो. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत अडकल्यासारखं झालं तर छर्ऱ्यांच्या वाट्यांना खड्डे पडलेत, त्या बदलाव्याच लागतील. दोन्ही क्रँक, म्हणजे पेडल ज्यांना लागतात ते दांडे, धरून आडव्या हलवा, चाकंही रिमला धरून तशीच. जुन्या पद्धतीच्या, कॉटर पिन नावाच्या आडव्या खिळीने धुरीला अडकवलेल्या क्रँकमध्ये एकच बाजू डुलत असेल तर पिन झिजलेली असते, ते काम किरकोळ.

चेनवर जरा वेळ घालवा. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर मोजपट्टीचा शून्य ठेवा. नव्या चेनची चोविसावी पुढची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती अर्धं सूत, म्हणजे दीड मिलिमीटर, पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण सूत पुढे असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातही झिजलेले धरा: त्यावर नवी चेन टाकली तर चढावर जोर लावताच ती दातांवरून उडते. म्हणून भाव करताना दोन्हींचा खर्च एकत्र वजा करा.

चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघत राहा. दोन-तीन मिलिमीटरचा आउट, म्हणजे रिमचं डावी-उजवीकडे डुलणं, कारागीर काढतो. पण रिम एका जागी चेपलेली असेल किंवा ब्रेक लागतात ती बाजू घासून खोलगट झाली असेल, तर रिमच गेली. स्पोक बोटाने वाजवा, ढिला स्पोक बद्द वाजतो. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या भिंतीला भेगा असतील तर तो लवकरच जाणार.

सीटचा पाइप वर-खाली होतो ना, हे बघायला बहुतेक जण विसरतात. वर्षानुवर्षं न हललेला पाइप आत धरून बसतो, आणि सायकल मग दुसऱ्याच्याच उंचीची राहते. पेडल काढून बघायचं असेल तर लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

शेवटी चालवून बघा. गिअरची असेल तर सगळ्यात मोठ्या मागच्या चक्रावर चेन हळूच चढवा. मागचा गिअर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो हूक वाकलेला असेल, तर चेन ओढून धरणारा गिअरचा पिंजरा स्पोकला घासतो. ओल्या जागेतून सरळ जा आणि मागे वळून बघा: दोन्ही चाकांचे माग एकावर एक पडायला हवेत.

पैसे देण्याआधी सायकल उलटी करून पेडलच्या धुरीखालचा फ्रेम नंबर पावतीवर लिहून घ्या. तो घासून काढलेला दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवा.