सेल्फ जड फिरतोय? बॅटरी बदलण्याआधी अर्थची पट्टी तपासा

दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीत सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरू लागला की सगळे आधी बॅटरीवर संशय घेतात. बरेचदा दोषी असते ती इंजिनला जाणारी अर्थची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी तारांची पट्टी. तिच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज चढतो, तारा आतून हिरव्या पडतात. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, त्यामुळे थोडासा अडथळाही भारी पडतो.

साधा मल्टिमीटर पुरे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बंद गाडीत बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. कमी असतील तर आधी चार्ज करा. आता एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या पुढे गेलं तर पट्टी खराब किंवा जोड सैल. हात आणि वायर फॅन-बेल्टपासून लांब ठेवा.

पट्टी काढताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवा, जोडताना तो शेवटी. दोन्ही टोकांखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर कसलेला बोल्ट निरुपयोगी. व्हॅसलीन जोड घट्ट केल्यावर वरून लावा, आधी नाही. पट्टीच्या तारा तुटल्या असतील तर सरळ नवी घ्या, बॅटरीच्या मानाने किंमत किरकोळ असते. अर्थ ठीक असूनही सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर मात्र बहुधा बॅटरीच गेली.