अंतरपाट दूर होतो तेव्हा कॅमेऱ्यावर कोणती लेन्स असावी?

मंगलाष्टकं वीस मिनिटं चालतील, पण शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री कडाडली की तो अंतरपाट एका झटक्यात बाजूला होतो. नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात, हार पुढे येतात, चारी बाजूंनी अक्षता पडतात. सगळं मिळून तीन-चार सेकंद. पुन्हा करून दाखवा म्हणायची सोय नाही.

मी एकटीने घेतलेल्या पहिल्या ऑर्डरीला त्या तीन-चार सेकंदांत माझ्या कॅमेऱ्यावर ५० एमएमची प्राइम होती, म्हणजे झूम न होणारी, एकाच आकड्याची लेन्स. तोवर मी सासवडला काकांच्या स्टुडिओत पासपोर्ट आणि वाढदिवस करत होते. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा नवीन घेतला होता आणि ‘प्राइमशिवाय खरा फोटो नाही’ हे डोक्यात पक्कं बसलं होतं. ‘सावधान’ झालं, मी मागे सरकायला गेले, तर पाठीशी नवरीचे मामा आणि त्यांच्याही मागे व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड. एक पाऊलही मागे जाता येईना. फ्रेममध्ये आला तो नवरीचा चेहरा आणि नवऱ्याच्या हातातला अर्धा हार. नवऱ्याचं तोंड नाही, अक्षता नाहीत, दोघांचे आई-वडील नाहीत. चेहरा अगदी धारदार आला होता, मागचं सगळं छान ब्लर झालं होतं. पण घरच्यांना हवा होता तो फोटो माझ्याकडे नव्हता. अल्बम बघताना नवरीची आई त्या पानावर थांबली आणि काही न बोलता पुढचं पान उलटलं. ते पान उलटणं मला आजही आठवतं.

नव्याने शिकणारी मुलं-मुली ‘झूम घेऊ की प्राइम?’ असं विचारतात, तेव्हा मी आधी उलट विचारते, ‘तू उभी कुठे राहणार आहेस? आणि तिथे उजेड किती आहे?’ उभं राहायची जागा आपल्या हातात नसेल तर झूम. उजेड आपल्या हातात नसेल तर प्राइम. बाकीचं सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं.

आधी जागेचं बोलू, कारण नवशिका माणूस तिथेच फसतो. ‘झूम कशाला, पायाने पुढे-मागे हो’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. रस्त्यावर, शेतात, घाटात तो बरोबर आहे. दहा बाय बाराच्या खोलीत तो चालत नाही. एक सोपा हिशेब वहीत लिहून ठेवा. सोनी, निकॉन, फुजीचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग, साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असतो (कॅननचा किंचित लहान). तुमच्यापासून माणसापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या, २३.५ ने गुणा, लेन्सच्या एमएमने भागा. आडव्या फ्रेममध्ये किती रुंदी मावेल ते निघतं. भिंतीला पाठ लावून ३ मीटरवरून ५० एमएमने फोटो घेतला तर जेमतेम १.४ मीटर मावतं, म्हणजे दोन माणसं, तीही खेटून. त्याच जागेवरून १८ एमएमला जवळजवळ ३.९ मीटर मावतं. स्टेजवर दोन्हीकडची मंडळी मिळून चार मीटरची रांग झाली, तर ५० एमएमने ती घ्यायला साडेआठ मीटर मागे जावं लागेल. कार्यालयाच्या स्टेजसमोर साडेआठ मीटरवर पाहुण्यांच्या खुर्च्या असतात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, असेल तर २३.५ च्या जागी ३६ घ्या.

मात्र १८ एमएमने जवळून ग्रुप घेतला की कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई आडव्या ताणल्या जातात. त्यांना तो फोटो आवडत नाही, आणि त्यांचं चूक नसतं. चेहऱ्याचा आकार आपण किती लांबून बघतो त्यावर ठरतो. म्हणून झूम हातात असली तरी जागा मिळाली की दोन पावलं मागे जाऊन ३० किंवा ३५ एमएमला घ्यायचं. झूममुळे पायांना सुट्टी मिळत नाही.

आता उजेडाकडे वळते. हे मी शिकले ते घाणा भरताना.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाच सुवासिनी उखळात हळकुंडं घालून मुसळाने कांडतात, गाणी म्हणतात. गावाकडे हे बऱ्याचदा माजघरात चालतं. माजघराला एक लहानशी खिडकी, वर एक पिवळा बल्ब. बाई असल्यामुळे मला तिथे अगदी उखळाजवळ बसायला मिळतं, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण उजेडाची. एका घरी मी किट लेन्सने, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या झूमने, काढत होते. ५० एमएमला तिचं अ‍ॅपर्चर ५.६ च्या पुढे उघडत नाही. (‘एफ’ पुढचा हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं उजेड घेणारं भोक मोठं.) आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १२८०० वर नेला, शटर १/३० सेकंदावर आणलं, तरी फोटो काळपट. मुसळावरचे हात धूसर, चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखा दाणा. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन होतं, पण ते आपला हात हलतो तेवढंच सावरतं. मुसळ उचलणाऱ्या बाईचा हात हलायचा तो हलतोच.

मग बॅगेतली तीच ५० एमएम एफ १.८ काढून लावली, जिने मला अंतरपाटाला दगा दिला होता. ५.६ वरून १.८ वर आलं की लेन्समधून साडेनऊ पटींहून जास्त उजेड येतो. जिथे १२८०० लागत होता तिथे १२५० च्या आसपास काम झालं असतं. मी आयएसओ ३२०० वर ठेवला आणि उरलेला उजेड शटरला दिला, १/८० पर्यंत. पहिल्यांदाच मुसळ धरलेल्या हातांवरच्या शिरा दिसल्या, बांगड्यांना चिकटलेली हळद दिसली. नवरीच्या आजींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो बघितला आणि म्हणाल्या, ‘पोरी, हे माझे हात आहेत होय?’ आजही माझ्या नमुना अल्बमचं पहिलं पान तेच आहे.

पण १.८ वर लेन्स उघडली म्हणजे काम फत्ते, असंही नाही. ५० एमएम, १.८, आणि माणूस एक मीटरवर असेल तर एपीएस-सीवर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम तीन सेंटीमीटर. नथ धारदार आणि डोळे मऊ, अशी गंमत सहज होते. कॅमेऱ्यातला डोळे शोधणारा ऑटोफोकस खूप मदत करतो, पण मुंडावळ्यांची लड डोळ्यासमोर आली की कधीकधी तिलाच पकडून बसतो. त्यामुळे एकट्या चेहऱ्याला २ किंवा २.२, दोघं शेजारी असतील तर २.८ ते ४, आणि तीन रांगांच्या ग्रुपला ५.६ किंवा त्याहून मोठा आकडा. आता बघा, ग्रुपला ५.६ वरच जायचं असेल तर १.८ साठी मोजलेल्या पैशांचा तिथे काही उपयोग नाही. त्या फोटोला किट लेन्स पुरते. महागडी लेन्स नाही म्हणून ऑर्डर नाकारू नका, एवढ्यासाठी हे सांगते आहे.

कार्यालयातल्या एलईडी दिव्यांबद्दल एक वाक्य: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यातले बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्यामुळे १.८ मुळे उजेड मिळाला म्हणून शटर १/१००० वर नेलंत तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. १/१०० किंवा १/५० वर राहा.

लेन्स बदलण्याचा विषय मात्र एका वाक्यात संपत नाही. सोमवती अमावास्येला मी जेजुरीला जाते. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो आणि भंडारा उधळला की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. पहिल्या वर्षी मी दोन प्राइम घेऊन गेले. एक रुंद, एक लांबची. एका कमानीच्या आडोशाला, पाठ वाऱ्याकडे करून, लेन्स बदलली. दहा सेकंद लागले असतील. मिररलेसला आरसा नसतो, लेन्स काढली की समोर थेट सेन्सर. घरी आल्यावर संगणकावर बघितलं तर आभाळ असलेल्या प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात एक डाग. १.८ वर काढलेल्या फोटोंत तो दिसतही नव्हता, एफ ८ आणि ११ वर ठसठशीत. हळदीचा कण ब्लोअरने गेला नाही, ओली सफाई करून घ्यावी लागली. दोनशेच्या वर फोटोंतला डाग हाताने काढत बसले.

तेव्हापासून जेजुरीला एक कॅमेरा, एक झूम. घरून निघताना लावायची आणि घरी येऊनच काढायची. वारीचा पाऊस, हळदीचा कार्यक्रम, गुलाल उधळणारी मिरवणूक, सगळीकडे हाच नियम. दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) परवडत असतील तर एकीवर झूम, दुसरीवर प्राइम, आणि प्रश्न मिटला. पण नवशिक्याकडे दोन बॉडी कुठून असणार! माझ्याकडेही चार वर्षं नव्हत्या.

काय घ्यायचं हे दुकानात जाऊन ठरवू नका, आपल्याच फोटोंना विचारा. शेवटच्या पाचशे फोटोंची माहिती उघडा. लाइटरूम (फोटो हाताळायचं सॉफ्टवेअर) असेल तर मेटाडेटाच्या फिल्टरमध्ये फोकल लेंग्थ, म्हणजे एमएमचा आकडा, दिसते, नसेल तर संगणकावर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही मिळते. किट लेन्सने कुठल्या आकड्यावर जास्त फोटो काढलेत ते मोजा. माझे निम्म्याहून जास्त एका टोकाला, १६ ते २० मध्ये होते. मी घेतली होती ५०! मला माझी गरजच माहीत नव्हती. बहुतेक फोटो ३० ते ३५ मध्ये येत असतील तर ३५ची प्राइम तुम्हाला मानवेल. दोन्ही टोकांना विखुरलेले असतील तर तुम्ही झूमवालेच आहात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी परीक्षा फुकट आहे. किट लेन्स ३५ वर आणा, झूमच्या कड्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर घरातले, गल्लीतले, बाजारातले फोटो तेवढ्याच आकड्यावर काढा. पुढचा आठवडा ५०. पट्टी काढून टाकावी असं कुठल्या प्रसंगी वाटलं ते लिहून ठेवा. सोमवारच्या भाजीबाजारात मला ३५ वर एकदाही तसं वाटलं नाही. भाचीच्या बारशाला मात्र पाळण्याभोवती बायका जमल्या आणि पाच मिनिटांत पट्टी निघाली.

मग घ्यायचं काय? लग्नाचं काम करायचं आणि कॅमेरा एपीएस-सी असेल, तर किट लेन्सनंतर पहिली मोठी खरेदी म्हणून मी २.८ची झूम सांगते. सिग्माची १८-५० एफ २.८ साधारण २९० ग्रॅमची, टॅमरॉनची १७-७० एफ २.८ सव्वापाचशे ग्रॅमची. दिवसभर गळ्यात वागवायच्या असतात, त्यामुळे हा फरक संध्याकाळी मानेला कळतो. दोन्हींचं २.८ पूर्ण झूमभर तेवढंच राहतं. किट लेन्सवर मॅन्युअलमध्ये उजेड जुळवावा आणि झूम केल्याबरोबर फोटो काळा व्हावा, तो त्रास इथे नाही. त्यानंतर एक प्राइम, तुमच्या फोटोंनी सांगितलेल्या आकड्याची. घरगुती, लहान मुलांचे, खाण्याचे फोटो काढायचे असतील तर क्रम उलटा करा, आधी प्राइम. कॅननची आरएफ ५० एफ १.८ अवघी १६० ग्रॅमची आहे आणि खिशाला जड नाही. घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने आणा. एका दिवसाचं भाडं चुकीच्या खरेदीपेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

घरात काका-मामांच्या डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स पडून असतील तर आधी त्यांच्याकडे बघा. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडाप्टर लावून आरएफवर, म्हणजे कॅननच्या मिररलेसवर, छान चालतात, ऑटोफोकससकट. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स मात्र निकॉनच्या मिररलेससाठीच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत, कारण त्या फिरवणारी मोटर बॉडीत असायची आणि अ‍ॅडाप्टरमध्ये ती नाही. हाताने फोकस करायची तयारी असेल तर खुशाल वापरा.

सेकंडहँड घेत असाल तर दिवसाउजेडी घ्या. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर उघडं राहील असं बघा, मागून मोबाईलचा टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असतातच, त्यांनी काही बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू कडेपासून आत पसरलेले दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने बॅगेत बंद राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास दिसते. किंमत कितीही उतरवून मिळाली तरी तशी लेन्स घेऊ नका, आणि आपल्या बॅगेतल्या बाकीच्या लेन्सशेजारी तर मुळीच ठेवू नका. झूम असेल तर कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्ये कुठे अडकलं, कर्रकन वाजलं, तर आत रेती गेली आहे. मग फोकसचं कडं फिरवा, कॅमेऱ्याला लावून जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर पाच-पाच फोटो घ्या, आणि ते तिथेच पडद्यावर मोठे करून बघा. विकणाऱ्याला घाई असली तरी तुम्ही करू नका.