लॉक फाइल गिटइग्नोरमध्ये? एनपीएम वापरताना या चुका टाळा

“माझ्या मशीनवर तर चालतंय!” असं कुणी म्हटलं की मी आधी गिटइग्नोर (गिटने कुठल्या फाइल वगळायच्या, त्याची यादी) उघडतो. एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं आणणारं साधन, कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती आणली ते पॅकेज-लॉक फाइलमध्ये लिहून ठेवतं. ही फाइल बऱ्याचदा तिथेच सापडते. कारणही ठरलेलं असतं: मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट यायचे, म्हणून काढून टाकली.

एका प्रोजेक्टमध्ये मी हे भोगलंय. शुक्रवारी संध्याकाळी एका बटणावरचा मजकूर बदलून डिप्लॉय केलं आणि बिलांवर तारीख ०४/०७ च्या जागी ०७/०४ छापून यायला लागलं. रात्री अकरापर्यंत आम्ही आमचाच कोड चाळत बसलो. शेवटी लॅपटॉप आणि सर्व्हर, दोन्हीकडे ‘एनपीएम एलएस --ऑल’ चालवून याद्या शेजारी ठेवल्या, तेव्हा फरक दिसला. पॅकेज जेसनमधले (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) आमचे सगळे आवृत्त्यांचे आकडे कॅरट (^, म्हणजे ‘थोडं नवंही चालेल’) काढून पक्के केलेले होते. पण आम्ही घेतलेल्या पॅकेजने आत आणखी एक पॅकेज घेतलं होतं, आणि तिथे ^२.३.१ होतं. म्हणजे २.३.१ पासून ३.०.० च्या खालचं काहीही चालेल. लॅपटॉपवर जुनं २.३.१, सर्व्हरवर त्याच दिवशी उतरलेलं २.४.०. आतल्या पॅकेजांचे आकडे लॉक फाइल धरून ठेवते, आणि तीच आमच्याकडे नव्हती.

म्हणून ती कमिट कराच. सर्व्हरवर आणि सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) ‘एनपीएम सीआय’ चालवा. ते लॉक फाइलमध्ये आहे तेवढंच आणतं, आणि ती पॅकेज जेसनशी जुळली नाही तर तिथेच थांबतं. कॉन्फ्लिक्ट आला तर लॉक फाइल हाताने जोडत बसू नका. पॅकेज जेसन नीट करून ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवा, पुढचं ते बघून घेतं.

जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ पॅकेजच्या लेखकानेच नव्या आवृत्तीत न संपणारं लूप टाकलं होतं. लॉक फाइलमध्ये जुना आकडा असलेल्यांचं काही बिघडलं नाही.

काही अडलं की नोड मॉड्यूल्ससोबत (आणलेली पॅकेजं ठेवायचा फोल्डर) लॉक फाइलही उडवायची, ही नवशिक्यांची आवडती सवय. मला ती अजिबात पटत नाही. नोड मॉड्यूल्स खुशाल उडवा, लॉक फाइलला हात लावू नका.

पॅकेजांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळत नसल्याची ‘ई-रिझॉल्व्ह’ एरर आली की कुठून तरी उचललेलं, ती तक्रार दुर्लक्षित करणारं ‘--लेगसी-पीअर-डेप्स’ चिकटवतात. दोन मिनिटं थांबून एरर वाचा. कुणाला कुठली आवृत्ती हवी आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. कळलं नाही तर ‘एनपीएम एक्सप्लेन’ला विचारा.

पॅकेजांमधल्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करणारं ‘ऑडिट फिक्स --फोर्स’ मेजर आवृत्तीही (पहिला आकडा) बदलू शकतं. डिप्लॉयच्या दिवशी तर नकोच.

शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांना कॅरटचा नियम वेगळा: ^०.२.३ हे ०.३.० च्या खालीच थांबतं.

मी सोमवारी सकाळी ‘एनपीएम आउटडेटेड’ बघतो, एका वेळी एकच पॅकेज वाढवतो, टेस्ट चालवतो आणि त्याचा वेगळा कमिट करतो. वेळ जातो, पण काही मोडलं तर तेवढा एकच कमिट मागे घ्यावा लागतो.