सहा महिन्यांनंतर बाळाचा आहार कसा वाढवावा

बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध पुरते, वरून पाणीही लागत नाही. त्यानंतर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू करावे आणि स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

नाशिककरांना पेठ-सुरगाण्याकडची नाचणी सहज मिळते. ती भिजवून, मोड आणून, सुकवून, हलकी भाजून दळावी आणि तिची पेज इतकी दाट शिजवावी की चमचा तिरका केला तरी ती लगेच ओघळणार नाही. वरणाच्या नुसत्या पाण्याने इवलेसे पोट भरते, पण पोषण फारसे मिळत नाही. त्यापेक्षा घट्ट वरण, मऊ भात आणि वर चमचाभर तूप कितीतरी चांगले. डाळीतले लोह अंगी लागावे म्हणून त्यावर लिंबू पिळावे. अंडे, मासे किंवा मटण चालत असेल तर तेही मऊ शिजवून द्यावे.

आठव्या-नवव्या महिन्यापासून अन्न मिक्सरमधून न काढता कुस्करून द्यावे, नाहीतर चावण्याची सवय लांबते. वर्षाच्या आत मध, मीठ, साखर देऊ नये.

वर्षानंतर घरचेच कमी तिखट जेवण द्यावे. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेले की जेवण मागे पडते आणि लोह कमी होते. द्राक्षांच्या हंगामात विशेष जपावे: अख्खे द्राक्ष घशात अडकते, त्यामुळे पाच वर्षांपर्यंत त्याच्या उभ्या चार फोडी कराव्यात.