द्राक्षबागेतला ब्लोअर चोकअप होऊ नये म्हणून

गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर) पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटला की फुलोरा उरकेपर्यंत निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांत ब्लोअरला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या पंख्याच्या फवारणी यंत्राला, उसंत नसते. डाऊनीचा (केवडा रोगाचा) धोका याच दिवसांत सर्वांत मोठा, म्हणून नोझलचे (फवाऱ्याच्या तोंडाचे) चोकअप, म्हणजे तुंबणेही, याच दिवसांत सर्वांत महाग पडते. ब्लोअरचे प्रत्येक नोझल वेलीच्या ठरावीक भागावर मारा करते. डाव्या बाजूचे तिसरे नोझल बंद पडले, तर तेवढा पट्टा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडा राहतो. पंखा जोरात फिरत असतो, शेजारच्या नोझलांचे धुके उडत असते, त्यामुळे ट्रॅक्टरवर बसलेल्याला मागे बघून काही कळत नाही.

चोकअपचे मूळ नोझलमध्ये क्वचित असते. ते बहुतेक वेळा टाकी भरतानाच तयार होते, म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असते आणि तळाशी गाळ. फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या टोकाची झडप) तळाला टेकू देऊ नका. रिकाम्या कॅनला बांधून तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली फूट-दीड फूट लटकता ठेवा. टाकीच्या तोंडावरची जाळी पाणी लवकर पडावे म्हणून काढून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती मोडाच. द्राक्षाचे वाळलेले पान, सुतळीचा धागा, औषधाच्या पुडीचा तुकडा एवढ्यानेही सक्शन, म्हणजे पंपाचे पाणी ओढणे, अडते.

त्यानंतर मिश्रण. भुकटीचे औषध थेट टाकीत ओतले की वरून ओले आणि आतून कोरडे असे गोळे होतात आणि ते फुटत नाहीत. आधी बादलीत थोड्या पाण्यात पातळ पेस्ट करा, काठीने ढवळा, मग गाळून टाकीत सोडा. टाकी अर्धी भरलेली असावी आणि ढवळणी चालू असावी. क्रम असा ठेवा: आधी भुकटी आणि पाण्यात सुटून पसरणारे दाणेदार औषध, मग घट्ट प्रवाही औषध, मग तेलकट, मग पाण्यात पूर्ण विरघळणारे, आणि शेवटी स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रव). स्टिकर आधी टाकला तर फेस होतो आणि फेसात भुकटी अडकून बसते.

विद्राव्य खतांची गल्लत तर हमखास चोकअप करते. कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) एका टाकीत आले की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका बसतो. कॅल्शियमसोबत ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) किंवा मॅग्नेशियम सल्फेट घेतले तर जिप्सम तयार होतो. हा साका किती ढवळला तरी विरघळत नाही. शिवाय कॅल्शियमही वेलीला मिळत नाही, म्हणजे दोन्ही खतांचे पैसे वाया. कॅल्शियमची फवारणी स्वतंत्रच घ्या. कोणतेही नवे मिश्रण करण्याआधी काचेच्या बरणीत एक लिटर पाण्याला त्याच प्रमाणात सगळे घाला आणि अर्धा तास ठेवा. तळाशी दाणे, दह्यासारख्या गुठळ्या किंवा वर तवंग दिसला तर ते टाकीत नको. ही चाचणी ज्या विहिरीचे वा बोअरचे पाणी टाकीत जाणार, त्याच पाण्यात करायची.

बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक द्रावणासाठी, वेगळी काळजी लागते, कारण इथे अडते ते चुन्यातल्या खड्यांमुळे. एक टक्का बोर्डोला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि साधारण १ किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, पन्नास-पन्नास लिटर पाण्यात. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवा, दुहेरी फडक्यातून गाळा आणि तळाशी राहिलेली वाळू टाकून द्या. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळत राहा. घासून स्वच्छ केलेला विळा क्षणभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी चुन्याची निवळी घाला. हे द्रावण त्याच दिवशी संपवा. रात्रभर टाकीत राहिले तर सकाळी तळाशी निळा चिखल बसलेला असतो.

गाळण्यांची जाळी पुढे पुढे बारीक होत गेली पाहिजे: सक्शनला ३० ते ५० मेश (एका इंचातली छिद्रे), प्रेशर लाईनला ५० ते १००. नोझलचे छिद्र १ मिलिमीटर असले, तरी त्यामागच्या कोअरमधल्या (पाण्याला भोवरा देणाऱ्या तुकड्यातल्या) तिरप्या खाचा त्याहून अरुंद असू शकतात, आणि कचरा खरा तिथेच बसतो. म्हणून नुसती छिद्राची चकती धुऊन भागत नाही, कोअर बाहेर काढून बघा. बोर्डोच्या दिवशी १०० मेशची जाळी लवकर भरते, तेव्हा ५० ची बसवा.

प्रेशर गेज नीट वाचता आले तर निम्मी शोधाशोध वाचते. काटा थरथरतो आणि प्रेशर पडते, तेव्हा सक्शन फिल्टर तुंबला आहे किंवा सक्शन पाईप कुठेतरी हवा ओढतो आहे. गेजवर प्रेशर ठीक, पण एका बाजूची सगळीच नोझले मंद, तर त्या बाजूचा प्रेशर फिल्टर बघा. प्रेशर ठीक आणि एकच नोझल तिरके किंवा धारेसारखे उडते, तर दोष त्या नोझलमध्येच आहे.

नोझल काढण्याआधी पीटीओ (ट्रॅक्टरवरून ब्लोअर फिरवणारा दांडा) बंद करा, ट्रॅक्टरची किल्ली काढा, लाईनमधले प्रेशर सोडा, हातमोजे घाला. नोझल तोंडाने कधीही फुंकू नका. त्यावर विष असते. साफसफाईला जुना टूथब्रश आणि पाणी पुरते, नाहीतर हवेचा पंप. तार, टाचणी किंवा खिळा घालू नका. १ मिलिमीटरचे छिद्र १.२ झाले, की त्याच प्रेशरला पाणी सुमारे ४४ टक्के जास्त जाते आणि थेंब मोठे पडून पानावरून ओघळतात. चुन्याचा पापुद्रा बसला असेल तर चकती आणि कोअर व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा. खिशात दोन-तीन धुतलेली नोझले ठेवली तर बागेत फक्त बदलायचे काम राहते. तुंबलेले घरी नेऊन निवांत साफ करता येते.

फवारणी संपली की चहाआधी टाकी धुवायची, कारण औषध पाईपमध्ये वाळले की दुसऱ्या दिवशी त्याचे पापुद्रे सुटून नोझलमध्ये येतात. टाकीत ५० ते १०० लिटर स्वच्छ पाणी घ्या, ढवळणी चालू ठेवून तेच पाणी फवारलेल्या बागेतच मारा. विहीर, ओढा किंवा पाटाजवळ ते सोडू नका. मग दोन्ही बाजूंच्या नळीच्या टोकाची शेवटची टोपी उघडून पाणी जाऊ द्या. सगळा जड गाळ तिथेच साचतो आणि नोझलमधून तो कधीच निघत नाही. पहिल्या वेळी निघणारे पाणी गढूळ दिसेल. ते स्वच्छ येईपर्यंत टोपी लावू नका. शेवटी दोन्ही फिल्टर काढून धुवा आणि जाळी उजेडासमोर धरून बघा, एखादी फाटलेली जागा असेल तर लगेच दिसते.

महिन्यातून एकदा पंखा बंद ठेवून साध्या पाण्यावर पंप चालवा आणि प्रत्येक नोझलला नळीचा तुकडा लावून एक मिनिट पाणी मापात घ्या. त्याच मापाच्या नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी येत असेल तर चकती झिजली आहे, ती बदला. कमी येत असेल तर कोअर उघडा.