नवऱ्यापासून वेगळं होताना राहायचं कुठे? घर सोडायच्या आधी एवढं बघा

भांडण झालं, रात्री अकराला बॅग भरली, पोराला उठवलं आणि माहेर गाठलं, असं करू नका. मी तेच केलं होतं म्हणून कळकळीने सांगतेय. मारहाण होत असेल तर मात्र थांबायचंच नाही, ११२ नाहीतर महिला हेल्पलाइन १८१ लावा आणि बाहेर पडा, बाकीचं मग बघता येतं.

जिवाला धोका नसेल तर आधी कागद. मुलाचा जन्मदाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, पासबुकं, दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो. मी फक्त कपडे घेऊन निघाले आणि आठवड्याने फाईल आणायला गेले तर दाराचं लॅच बदललेलं, अर्धा तास जिन्यात बसून होते.

दुसरं म्हणजे फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, असं जो तो ऐकवतो, ते खरं नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली जिथे एकत्र संसार केला त्या घरात राहायचा हक्क मागता येतो, आणि घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी मागता येतो हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. मालकी नाही हां, राहायचा हक्क. हिंसाचार म्हणजे नुसती मारहाण नाही, पैसे अडवणं, सतत पाणउतारा करणं हेही त्यात धरतात. तिथे राहणं शक्यच नसेल तर तशीच दुसरी जागा किंवा भाडं द्या असं कोर्ट नवऱ्याला सांगू शकतं.

आता जायचं कुठे. सगळ्यात आधी मुलाची शाळा बघा, खरंच. मी पिंपळे सौदागरहून कोथरूडला आईकडे आले, शाळा तिकडेच राहिली, आठ महिने पोरगा पहाटे उठून दोन बस बदलून जायचा, डबा मांडीवर धरून खिडकीला डोकं टेकून झोपायचा. शेवटी शाळेजवळ वन आरके घेतलं, लहान होतं पण त्याचे मित्र परत मिळाले. आईचा आधार मोठा असतो हे मान्य, पण सहा महिन्यांनी त्याच घरात आपण पाहुणे होतो हेही बघितलंय.

कोर्टाचाही विचार करा. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून बायको सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टातही तिला घटस्फोटाचा अर्ज टाकता येतो, पण मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथे चालतो. म्हणून नोकरी पुण्यात, माहेर नागपुरात असेल तर कुठल्या गावच्या तारखा झेपतील ते आधी ठरवा, आणि मुलाला दुसऱ्या गावी हलवायच्या आधी वकिलाला विचाराच. परस्पर संमतीचा घटस्फोट हवा असेल तर एक वर्ष वेगळं राहावं लागतं, पण एका छताखाली राहूनही नवरा-बायकोसारखं राहत नसाल तर ते धरलं जातं, तेव्हा केवळ तेवढ्यासाठी भाड्याचा खड्डा पाडून घेऊ नका.

भाड्याने घेताना ब्रोकर विचारणारच, मिस्टर काय करतात. घाबरून खोटं सांगू नका, मी आणि मुलगा राहणार, ही माझी सॅलरी स्लिप, एवढं सांगायचं. चार जण नाही म्हणतात, पाचवा देतो. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, स्वतःच्याच नावाने करा आणि रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्रात ११ महिन्यांचंही रजिस्टर करावंच लागतं. बँक, आधार, गॅस सगळीकडे पत्त्यासाठी तेच चालतं आणि कधीपासून वेगळे राहताय त्याचा पुरावाही तयार होतो.

होम लोनमध्ये तुमचं नाव असेल तर घटस्फोट झाला म्हणून बँक सोडत नाही, हप्ता थकला की तुमचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, पडतो, त्यामुळे लोन कोण फेडणार आणि तुमचं नाव बँकेतून कधी निघणार हे तडजोडीच्या कागदात लिहूनच घ्या.

आणि मूल दोन्ही घरी जाणार असेल तर ब्रश, नाईट ड्रेस, चप्पल दोन्हीकडे ठेवा. माझा मुलगा दर शनिवारी सॅक भरताना रडायचा, दुसरा सेट आणला तेव्हापासून तो हात हलवत जातो आणि हात हलवत येतो.