हाफ मॅरेथॉनची पीबी काढायचीय? मग या चुका टाळा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे घाटातली २१.१ किलोमीटरची शर्यत, उरकली की पुढच्याच आठवड्यात शाहू स्टेडियमबाहेर चहाला एकच विषय असतो. आता थंडीत सपाट रस्त्यावर पीबी काढायची. पीबी म्हणजे पर्सनल बेस्ट, आपला आजवरचा सर्वांत कमी वेळ. कुणाला दोन तासांच्या आत यायचं असतं, कुणाला एक-पन्नास, म्हणजे एक तास पन्नास मिनिटं, मोडायचं असतं. ही जिद्द मला मनापासून आवडते. म्हणूनच चार महिन्यांची तयारी त्याच त्या चुकांपायी वाया जाताना बघवत नाही. मी प्रशिक्षक नाही. अकरा वर्षं धावतोय, आणि तेवढीच वर्षं इतरांना धावताना बघतोय.

सुरुवात हिशेबापासून करू. आपल्याकडचे बरेच जण हिल हाफच्या वेळेतून दहा-बारा मिनिटं वजा करतात आणि तेच सपाटीचं लक्ष्य धरतात. हा हिशेब लागत नाही. रस्त्यावरचा बोगदा मागं पडला की यवतेश्वरचा घाट लागतो, आणि तो चढ कुणाला किती महागात पडेल हे ज्याच्या-त्याच्या वजनावर आणि सरावावर ठरतं. चढताना गेलेला वेळ उतरताना परत मिळतो हाही गैरसमज आहे. उतारावर प्रत्येक पावलाला शरीर रोखून धरायचं काम मांडीचे स्नायू करतात, आणि तेही ताणले जात असताना. दोन दिवसांनी जिना उतरताना कळ येते ती त्यामुळेच.

मी वेगळं करतो. शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी माहुलीच्या पुढं कोरेगाव रस्त्याला, त्यातल्या त्यात सपाट पट्ट्यात, १० किलोमीटर जीव तोडून पळतो. आलेल्या वेळेला २.२ ने गुणतो. दहाला ५० मिनिटं लागली तर हाफला १ तास ५० मिनिटं धरायची, तीही लांब पल्ल्याचा सराव नीट झाला असेल तरच. ५४ मिनिटं लागली आणि तरी एक-पन्नासचा हट्ट असेल, तर त्या माणसाला मी स्पष्ट सांगतो की यंदा नाही. (त्या रस्त्याला गळिताच्या हंगामात पहाटेपासून उसाच्या ट्रॉल्या असतात. उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा आणि चमकणारी पट्टी लावा.)

पहिले तीन किलोमीटर

ही माझी सर्वांत दुखरी जागा, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा भाचा सव्वीस वर्षांचा, अंगानं काटक, कामाला शहाणा. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोघं एका सपाट हाफला गेलो. त्याचं लक्ष्य एक-पन्नास होतं. म्हणजे प्रत्येक किलोमीटर ५:१२ ला (५ मिनिटं १२ सेकंद). तयारी चोख होती. सुरुवातीच्या रेषेवर मी त्याला परत सांगितलं की पहिले तीन किलोमीटर ५:२० नं काढ, पुढं कुणी का जाईना. तो म्हणाला, "मामा, आज पाय लय हलके वाटतायत." मी म्हटलं, "दोन आठवडे आराम दिलाय, हलकेच वाटणार. त्यांचं ऐकू नको."

त्यानं पायांचंच ऐकलं. पहिला किलोमीटर ४:४०. दुसरा ४:४५. दहा किलोमीटर ४९ मिनिटांत, ठरवल्यापेक्षा तीन मिनिटं लवकर. वळणावरून परत येताना तो मला समोरून दिसला, अंगठा वर करून हसत गेला. माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला. खांदे कानापर्यंत चढले होते त्याचे.

चौदाव्यापर्यंत तो ५:१५ वर आला होता, सोळाव्यापर्यंत ५:५० वर. अठराव्या किलोमीटरच्या पाटीजवळ मी त्याला गाठलं तेव्हा तो कमरेवर हात ठेवून चालत होता. मी ठरल्या वेगानंच, ५:१८ नं येत होतो. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं." मी झालो पुढं, आणि ते तीन किलोमीटर मला जड गेले. तो १:५६:२० ला आला. सुरुवातीला तीन मिनिटं कमावली, नंतर साडेनऊ गमावली. ज्या पोराची एक-पन्नासची तयारी होती, त्याच्या हातात त्याच्याही दोन वर्षं आधीच्या वेळेपेक्षा वाईट वेळ आली. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला, खंबाटकी आली तरी बोलला नाही.

असं का होतं? आरामानं ताजे झालेले पाय, पहाटेचा गारवा, आजूबाजूची गर्दी, ढोल-ताशा, या सगळ्यामुळे वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो. पण शरीराची एक हद्द असते. तिच्याखालच्या वेगात तासाहून जास्त तग धरता येतो. ती ओलांडली की स्नायूंतली साठवलेली साखर भराभर जळते, श्वास फुलतो, आणि चढलेला थकवा थोडा वेग कमी केल्यानं उतरत नाही. हे कर्ज पंधराव्या किलोमीटरनंतर वसूल होतं. तोवर कळतही नाही.

उपाय साधा आहे, पण पाळायला अवघड. पहिले तीन किलोमीटर लक्ष्यापेक्षा पाच ते आठ सेकंद हळू. पंधरापर्यंत बरोबर लक्ष्याच्या वेगानं. सोळानंतर जे उरलं असेल ते सगळं. पेसर (ठरलेल्या वेळेच्या वेगानं पळणारा वाटाड्या) असेल तर रेषेवर त्याच्या मागं उभं राहायचं, पुढं नाही. माझी स्वतःची सवय अशी की पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मी शेजारच्याला त्याचं गाव विचारतो. प्रश्न एका दमात विचारता आला तर वेग बरोबर आहे. शब्द तुटले तर हळू होतो, घड्याळ काहीही दाखवो.

रोजचीच शर्यत

दुसरी चूक शर्यतीच्या दिवशी होत नाही, ती मंगळवारी-बुधवारी होते. इझी रनला, म्हणजे आरामात हळू पळायला, निघालेला माणूस गोडोलीपर्यंत पोचेस्तोवर शर्यतीला लागलेला असतो. मागून कुणी आलं की वेग वाढतो. स्ट्राव्हा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर ६:४० चा पेस (दर किलोमीटरचा वेळ) दिसला तर लोक काय म्हणतील, ही धास्ती असते. मग आठवड्याचे पाचही दिवस मधल्याच वेगात जातात. तो वेग दमवण्याइतका जास्त असतो, पण हाफच्या वेगाची सवय व्हावी इतका नसतो. अशा माणसाला गुरुवारी टेम्पो रन (दमवणाऱ्या पण एकसारख्या वेगाचं पळणं) दिला की पायात जोरच नसतो, आणि मग तो म्हणतो, "माझी प्रगती थांबलीय."

एक-पन्नास काढायचं असेल तर इझी रन ६:१५ ते ६:४५ नं व्हायला हवा. यवतेश्वरच्या घाटात तर पेस बघूच नये, श्वास बघावा. आमच्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, वय बासष्ट. त्यांचा वेग ऊन, पाऊस, चढ, काही असो, बदलत नाही. जो पोरगा फार उतावळा होतो त्याला मी महिनाभर इझी रनला सुभेदारांबरोबर पाठवतो. अट एकच, त्यांच्या पुढं जायचं नाही. पहिल्या आठवड्यात पोरं वैतागतात. चौथ्या आठवड्यात टेम्पो रन सुधारलेला असतो, आणि मग आपण होऊन त्यांच्या शेजारी येऊन उभी राहतात.

बाकी माझं वेळापत्रक फार काही नाही. आठवड्याला ४० ते ५० किलोमीटर. एक दिवस टेम्पो, एक दिवस लाँग रन. त्या लाँग रनचे शेवटचे पाच किलोमीटर दर दुसऱ्या रविवारी शर्यतीच्या वेगानं. उरलेलं सगळं हळू. आठ आठवड्यांत पीबीची हमी देणारे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. जो अजून सलग सहा महिने खंड न पाडता पळालेला नाही, त्यानं ते उघडूच नयेत असं माझं ठाम मत आहे.

शेवटच्या रविवारची खात्री

ही चूक मी स्वतः केली. २०१९ च्या मोसमात शर्यत सात दिवसांवर होती. अंग ताजं झालेलं, मन मात्र धास्तावलेलं. आपल्याला जमेल का, याची खात्री करून घ्यावी म्हणून रविवारी पूर्ण २१ किलोमीटर शर्यतीच्या वेगानं पळालो. जमलं. आजवरची माझी सर्वांत चांगली वेळ त्या दिवशी आली. पुढच्या रविवारी खऱ्या शर्यतीत बाराव्या किलोमीटरला पोटऱ्या दगड झाल्या आणि मी चार मिनिटं मागं राहिलो. तो वेळ आजही फक्त माझ्या वहीत आहे, कुठल्याही प्रमाणपत्रावर नाही, आणि त्याची हळहळ अजून गेलेली नाही.

शेवटच्या आठवड्यात तब्येत कमावता येत नाही, फक्त घालवता येते. दोन आठवडे आधीपासून अंतर कमी करत निम्म्यावर आणा, वेगाची थोडी चुणूक ठेवा. मी बुधवारी शर्यतीच्या वेगानं तीन किलोमीटर करतो आणि बूट ठेवून देतो.

मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. दोन दिवसांनी अंतिम फेरीत तिला ९:२२.७४ लागले आणि ती दहावी आली. माणच्या त्या लेकीचा मला अभिमान आहे. ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या पायांनाही दोन दिवसांत दोनदा सर्वोत्तम वेळ देणं इतकं कठीण जातं. नोकरी सांभाळून पळणाऱ्या आपण मग सात दिवसांत तशी अपेक्षा का धरावी?

घड्याळावरचा पेस

आमच्या ग्रुपमधल्या एक ताई दोन तासांसाठी दोन वर्षं झटत होत्या. शर्यतभर घड्याळात सरासरी ५:४० दिसत होती. ५:४० नं हाफ १:५९:३३ ला संपते, म्हणून त्या निर्धास्त होत्या. वेळ आली २:००:५९. घड्याळानं अंतर २१.३५ किलोमीटर मोजलं होतं. रस्ता मोजतात तो कमीत कमी अंतराच्या रेषेनं, आपण मात्र वळणं बाहेरून घेतो, गर्दी चुकवतो, पाण्यासाठी कडेला जातो, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएसही भरकटतं. शेवटचे दोन किलोमीटर त्या जोर लावू शकल्या असत्या. गरजच नाही असं त्यांना वाटलं. कमानीखाली त्या रडल्या तेव्हा आम्हा कुणालाच काय बोलावं सुचेना.

म्हणून रस्त्यावरच्या पाट्यांवर विश्वास ठेवा. दोन तासांच्या आत यायचं तर ५ किलोमीटर २८:२०, १० किलोमीटर ५६:४०, १५ किलोमीटर १:२५:००, २० किलोमीटर १:५३:२०. हे चार आकडे डाव्या हातावर बॉलपेननं लिहा. चिप टाइम (रेषा ओलांडल्यापासूनचा आपला वेळ) धरायचा असेल तर घड्याळ रेषेवरची मॅट ओलांडताना सुरू करा, भोंग्याला नाही. वळण आतून घ्या.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कार्बन प्लेटचे महागडे बूट हा सरावाला पर्याय नाही, आणि नवे बूट शर्यतीला तर नाहीच. किमान एक लाँग रन त्यांच्यात झालेला असावा. आदल्या रात्री वरण-भात खा, मिसळ आणि तांबडा रस्सा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. सकाळी सुरुवातीच्या दोन-सव्वादोन तास आधी केळं आणि गूळ-पोळी, जी तुम्ही लाँग रनला खात आलाय तीच. जेल (पळता पळता घ्यायचं साखरेचं पाकीट) घेणार असाल तर पहिलं ४०-४५ मिनिटांना, पाण्याबरोबर, आणि सरावात पोटानं मानलेलंच. प्रत्येक टेबलावर पाणी ढोसू नका, तहानेपुरतं प्या. जानेवारीत मुंबईला जाणार असाल तर तिथला दमटपणा धरा. साताऱ्याच्या कोरड्या गारव्यात जमलेला वेग तिथं जमेलच असं नाही. आठवड्यातून दोनदा पोटरी आणि मांडीचे व्यायाम करा. नडगी दुखत असेल तर पळू नका.

आणि एक. झोप, खाणं, सराव सगळं ठीक असताना इझी रनचा पेससुद्धा महिनाभर घसरत राहिला, जिना चढताना धाप लागायला लागली, तर जास्त सराव करून तो सुधारायला जाऊ नका. रक्त तपासा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा). आमच्यातल्या एक शिक्षिका हा आळस आहे असं समजून स्वतःला दोन महिने दामटत राहिल्या. तपासणीत लोह फार कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शर्यत सोडायला लावली. मार्चमध्ये त्या परत लाँग रनला आल्या, आणि बोगद्याच्या चढावर पहिल्यांदाच न थांबता बोलत होत्या.